माघातली उगवण

दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतो तेव्हा परसात वांगी, वाल, घेवडा ऐन भरात असतात आणि उन्हाळी भाजीचा विचारही कुणाच्या मनात नसतो. तरी माघातल्या पेरणीबद्दल लिहायची हीच वेळ आहे. पावसाळी वेलावरची कुठली काकडी तोडायची नाही, कुठली भेंडी झाडावरच वाळू द्यायची, दुधीचं कुठलं फळ मांडवाला तसंच लोंबू द्यायचं, हे सगळं आश्विन-कार्तिकात ठरतं. तेव्हा ठरलं नाही, की माघात दुकानातल्या पाकिटाखेरीज हाती काही उरत नाही.

महाराष्ट्रातली भाजी पंचांगातल्या वसंताची वाट पाहत नाही. चैत्र उजाडेपर्यंत देशावरची माती तापलेली असते, विहिरी खाली गेलेल्या असतात आणि कोवळ्या रोपाला दुपार सोसत नाही. उन्हाळी पेरणीसाठी मिळतात ते रथसप्तमीपासून शिमग्यापर्यंतचे दिवस. रथसप्तमीला तुळशीपुढे गोवऱ्यांच्या विस्तवावर दूध उतू जाऊ देतात, आणि थंडी महाशिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते असं जुनी माणसं सांगतात. या दोन सणांच्या मधल्या पंधरवड्या-तीन आठवड्यांत मातीत खरा बदल होत असतो. पुण्यात जानेवारीतल्या रात्री साधारण ११-१२ अंशांच्या असतात. मार्चमध्ये त्या १६च्या आसपास येतात, तोवर दुपार ३०वरून ३६वर गेलेली असते. भेंडीचं बी १७-१८ अंशांपेक्षा गार मातीत बहुधा उगवत नाही, नुसतं ओलं राहून कुजतं. तेच बी २५-३० अंशांच्या मातीत पाच-सहा दिवसांत वर येतं. काकडी, दोडका, कारलं, दुधी, गवार, चवळी या सगळ्यांची गत थोड्याफार फरकानं अशीच.

म्हणून घाई करून भागत नाही. उशीर केला तर वेगळीच किंमत मोजावी लागते. ऊन वाढलं की पांढरी माशी वाढते आणि तिच्याबरोबर भेंडीवर केवडा येतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडत जातात, मग पूर्ण पान पिवळं होतं, शेंगा फिकट आणि खुरट्या राहतात. परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली ‘परभणी क्रांती’ ही भेंडी या रोगाला दाद देत नाही म्हणूनच नावाजली गेली. काकडीवर्गातल्या वेलांची तऱ्हा आणखी निराळी. कडक ऊन आणि लांबलेले दिवस यांत त्यांना नर फुलं भाराभर लागतात, मादी फुलं मोजकीच. वेल मांडवभर पसरतो, पिवळ्या फुलांनी भरतो, आणि घरचे विचारत राहतात की काकडी कधी धरणार. याचं उत्तर बहुतेक वेळा पेरणीच्या तारखेत असतं.

तारीख जिल्ह्याजिल्ह्याला बदलते, हे शहरात वाढलेल्या नव्या बागकाम करणाऱ्यांच्या चटकन लक्षात येत नाही. कोकणपट्टीतल्या रात्री उबदार, तिथं पौषातच वेलांची आळी भरतात. निफाडकडे थंडी चिवट असते, तिथं फेब्रुवारीचा मध्य गाठावा लागतो. एकच तक्ता छापून सगळ्या महाराष्ट्रानं तो पाळावा ही अपेक्षा चुकीची आहे. अकोले तालुक्यात एका घराच्या परसात मी आळ्यांची तयारी पाहत उभी होते. तिथल्या आजींनी आळ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मलाही घालायला लावला.

“गार लागती का, ताई?”

“लागतेय.”

“मंग आजून चार दिस. वरून ऊन पडतंय म्हून फसायचं न्हाई.”

वरची दोन बोटं माती दुपारी तापलेली असते आणि बी टोकायच्या जागी मात्र रात्रीचा गारवा टिकून असतो. त्यांनी हात घालून जे पाहिलं, ते कृषी विद्यापीठाचा माणूस मातीत तापमापक खुपसून पाहतो.

बी मातीत गेल्यावर काय होतं ते आपल्या स्वयंपाकघराला ठाऊक आहे. मटकी, मूग, वाल भिजवून फडक्यात बांधून ठेवणारं मराठी घर आठवड्याला एकदा तरी उगवणीचा पहिला अंक पाहतं. पण त्यात एक गोष्ट दिसत नाही, ती अशी की मेलेलं बीसुद्धा फुगतं. पाणी शोषून घेणं हे कोरड्या बियाच्या घडणीतच असतं, त्यासाठी ते जिवंत असावं लागत नाही. रात्री भिजत घातलेल्या वालांत सकाळी सगळेच दाणे टपोरे दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले काही बुळबुळीत होऊन वास मारतात ते यामुळे. जिवंत बी पाण्यानंतर हवा मागतं. त्याचा श्वास जोरात सुरू होतो, आणि इथेच पुष्कळांच्या कुंड्या दगा देतात. रोज दोन वेळा भरभरून पाणी घातलेल्या मातीत हवेला जागा राहत नाही, बी गुदमरून कुजतं, आणि दोष पाकिटाला दिला जातो. शेतकऱ्याला ‘वापसा’ शिकवावा लागत नाही. मूठ दाबली तर गोळा व्हावा आणि टिचकी मारली तर फुटावा, एवढीच ओल. गच्चीवरच्या डब्यालाही हेच मोजमाप लागू पडतं.

पाणी आणि हवा मिळाल्यावर बियातला गर्भ जागा होतो आणि आपल्या शिदोरीला हात घालतो. धान्याच्या दाण्यात गर्भाकडून एक संप्रेरक सुटतं. दाण्याच्या सालीखालचा पातळ थर त्याच्या सांगण्यावरून विकरं तयार करतो, आणि ती विकरं पिठाची साखर करतात. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्त्व करणाऱ्या आपल्या घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. मोड आलेल्या नाचणीची लापशी साध्या पिठापेक्षा पातळ आणि गोडसर होते, कारण पिठाचं बांधून धरणं तोवर निम्मं सुटलेलं असतं. ती साखर बाळाला भरवण्याआधी रोपासाठीच होती.

मग मूळ. आधी नेहमी मूळच येतं, कोंब मागून. चवळीचं बी कसंही टाका, उलटं, आडवं, तिरकं, मूळ वळून खालीच जातं. त्यानं माती धरली की वरचा भाग हलू लागतो. चवळी, वाल, भेंडी यांचा कोंब शेंडा पुढे करून बाहेर पडत नाही. तो मान वाकवून, कमानीसारखा पाठीनं माती रेटत येतो, आणि शेंडा त्या कमानीमागे सुरक्षित राहतो. सकाळी आळ्यात बारीक भेग दिसते, भेगेत फिकट हिरवी-पांढरी कमान. उजेड लागला की काही तासांत मान सरळ होते. ज्यानं पेरलं त्यानं ती भेग पाहिलेली असली, तर त्या दिवशी त्याचं कामात लक्ष लागत नाही, हे मी घरोघर पाहिलं आहे आणि मला ते फार आवडतं.

काकडी आणि दुधी यांत तर याहून देखणी करामत आहे. त्यांचं बी चपटं, साल चिवट. दोन दलपत्रं त्या सालीतून सुटायची कशी? मूळ आणि खोड जिथं मिळतात तिथं रोपाला एक छोटीशी टाच फुटते. ती सालीच्या खालच्या पाकळीवर दाब देऊन ती जागच्या जागी धरून ठेवते. वरची कमान उचलू लागली की दलपत्रं सालीतून ओढली जातात आणि रिकामं टरफल मातीतच राहतं. चार्ल्स डार्विननं मुलगा फ्रान्सिस याच्याबरोबर १८८० साली रोपांच्या हालचालींवर जे मोठं पुस्तक काढलं, त्यात या टाचेचं बारकाईनं वर्णन आहे. ही टाच खालच्या अंगाला तयार होते, म्हणून बी आडवं पडलेलं असेल तर ती नेमकी सालीत अडकते. उभं खोचलेलं असेल तर पुष्कळदा चुकते, आणि रोप टरफल डोक्यावर घेऊन बाहेर येतं. अकोल्यातल्या त्या आजी दुधीचं बी अलगद आडवं ठेवून वर माती लोटत होत्या. विचारल्यावर म्हणाल्या, “उभं केलं का डोक्यावर टोपी घिऊन येतं.” टोपी घेऊन आलंच तर ती ओढू नये, दलपत्रं तुटतात. दोन-तीनदा पाण्याचे थेंब सोडावेत, साल मऊ पडून सुटते.

तूर, हरभरा, वाटाणा यांची चाल उलट आहे. ते आपली दलं मातीखालीच ठेवतात आणि नुसता शेंडा वर पाठवतात. म्हणून हरभऱ्याचा वर आलेला शेंडा पाखरानं खुडला तरी खालून दुसरा फुटतो. चवळीचा कोंब दलपत्रांच्या खाली तुटला तर सगळं संपलं, पुन्हा टोकायलाच हवं. साळुंक्या, बुलबुल, खारी यांच्यापासून कुणाला किती राखायचं, ते या फरकावरून ठरतं.

अकोले तालुका निवडला तो कोंभाळण्यामुळे. राहीबाई पोपेरे याच गावच्या. शाळा न शिकलेल्या या महादेव कोळी बाईंनी गावरान बियाणं गोळा करायला सुरुवात केली, ती घरातलं लेकरू सारखं आजारी पडू लागलं आणि संकरित भाजी, फवारण्या यांकडे त्यांचा संशय गेला म्हणून, असं त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. बाएफ या संस्थेची साथ मिळाली, परसबागेतून बियाण्याची बँक उभी राहिली, कळसूबाई परिसरातल्या बायकांची बियाणं जपणारी समिती झाली, आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. गौरव झाला हे छानच झालं, पण माझं लक्ष कामाच्या पद्धतीकडे आहे. वालाचे आणि घेवड्याचे कितीतरी वाण या भागात घराघरांत होते: कुणाची शेंग जांभळी, कुणाची रुंद, कुणाची लांब, कुणी लवकर येणारा, कुणी शिमग्यापर्यंत शेंगा देत राहणारा. ते कुठल्याही दुकानात नव्हते. ते मडक्यांत होते आणि मडकी बायकांच्या ताब्यात होती. घरात नवी सून आली की तिच्या माहेरचं बी तिच्याबरोबर यायचं, आणि चार वर्षांत शेजारच्या परसांत पसरायचं. बियाण्याच्या या वाटा कुठल्याच सरकारी नोंदवहीत आल्या नाहीत. म्हणून एका पिढीनं मडकं रिकामं ठेवलं की वाण गेलाच.

साठवण्याच्या रीती आजही पाहायला मिळतात. दोडका वेलावरच खडखडीत वाळवून, बी न काढता, चुलीच्या वर धुरात टांगतात. बी त्याच्या जाळीदार सांगाड्यात आपलं आपण सुरक्षित राहतं. काकडीचं, भोपळ्याचं बी ओल्या शेणात कालवून भिंतीवर थापतात. शेण वाळतं, किडा लागत नाही, आणि पेरायच्या वेळी थापी भिंतीवरून खरवडून काढली की झालं. वालाला राख. मडक्यात तळाशी राख, मग दाणे, मग राख, तोंडाला शेणमातीचं लिंपण. कडधान्यातला भुंगेरा राखेत हलू शकत नाही, त्याच्या अंगाला ती घासते आणि तो कोरडा पडून मरतो. मध्यमवर्गीय फ्लॅटमध्ये धूर नाही, शेण नाही, पण काचेची बरणी, चाळलेली राख आणि फ्रिज आहे. बी नीट वाळलेलं असलं तर यावर सहज भागतं.

कोकणातली गोष्ट थोडक्यात सांगते. रायगडात भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच वाल टाकतात, वरून पाणी द्यावं लागत नाही. पौष-माघात त्याच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून पोपटी लागते. सिंधुदुर्गात भाताच्या जागी वायंगणाचे वाफे पडतात: लाल माठ, मुळा, नवलकोल, चवळी. पाणी विहिरीचं, काम बहुतेक बायकांचं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तोही भातामागून त्याच वावरात येणारा. आणि कोकणी परड्यात मोरीचं पाणी जिथं जातं तिथं अळू आणि केळ असतेच. पाण्याच्या काटकसरीचा यापेक्षा सोपा धडा मला कुठं दिसला नाही.

आता बियाणं जोखण्याविषयी. नवरात्र नुकतंच झालं. घटाभोवती शेतातली माती पसरून त्यात सात प्रकारचं किंवा नऊ प्रकारचं धान्य आपण पेरलं, आणि दसऱ्याला तो पिवळसर हिरवा तुरा टोपीत, वेणीत खोवला. जुनी माणसं त्या घटाकडे नीट पाहतात. गहू दाट आला, जवस विरळ, हरभरा बुरसला, यावरून रब्बीचा अंदाज बांधतात. यात श्रद्धा आहेच, आणि घरच्या बियाण्याची उगवण पेरणीच्या तोंडावर पाहून घेण्याची सोयही आहे. हेच काम बीजपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर-शंभर दाणे ठेवून करतात, आणि कृषी खातं दर खरिपाआधी शेतकऱ्यांना गोणपाटावर करायला सांगतं. परसबागेसाठी दहा बिया पुरतात. ओल्या सुती फडक्यात ठेवाव्यात, फडकं डब्यात, डबा ओट्याच्या उबदार कोपऱ्यात. काकडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूळ दाखवते, भेंडी चौथ्या-पाचव्या, कारलं आठवडा घेतं आणि मिरची त्याहून जास्त. दहातल्या सात आल्या तर निर्धास्त पेरावं. चार आल्या तर एका आळ्यात दुप्पट बिया टाकाव्यात. एक-दोनच आल्या तर ते बी सोडून द्यावं.

पाकिटाच्या बाबतीत कायद्यानं काही किमान ठरवून दिलेलं आहे. प्रमाणित बियाण्यात वांगी आणि टोमॅटो निदान ७० टक्के उगवले पाहिजेत, भेंडी ६५, मिरची आणि काकडी ६०, चवळी ७५. मिरचीची शंभरातली चाळीस बी आली नाही तरी ती नियमात बसते, हे आधी माहीत असलं तर माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसत नाही. पाकिटावर लॉट नंबर, चाचणीची तारीख आणि किती महिने वापरायचं ते छापलेलं असतं. चित्राऐवजी तिकडे पाहावं. तारीख नसलेलं सुटं बी घेऊ नये. आणि गुलाबी, निळं, हिरवं रंगवलेलं बी म्हणजे औषध चोळलेलं बी. ते हातमोज्यानं किंवा चमच्यानं टाकावं, मुलांच्या हाती देऊ नये, उरलं तर स्वयंपाकघरात आणू नये.

परसातलं बी उगवलं नाही तर आठवडा जातो. शेतात उगवलं नाही तर काय होतं ते २०२०च्या खरिपात मराठवाड्यानं आणि विदर्भानं पाहिलं. सोयाबीनच्या न उगवलेल्या बियाण्याच्या तक्रारी हजारांनी आल्या, माणसं दुबार पेरणीला लागली, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं. उगवण म्हणजे काय असते, आणि ती चुकते म्हणजे काय होतं, हे भाजी विकत घेणाऱ्या प्रत्येक घरानं एकदा तरी स्वतःच्या डब्यात पाहावं असं मला मनापासून वाटतं. जुडीचा भाव करताना त्याची आठवण राहील.

शहरातल्या गच्च्यांवर हे काम आता पुष्कळ घरं करतात, आणि त्यामागे महाराष्ट्रातल्याच काही माणसांचा विचार आहे. कोल्हापूरला गणित शिकवणारे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ चालवला. शेतकऱ्यांनी आपापल्या रानात प्रयोग करायचे, मोजायचं, आणि एकमेकांना पत्रांनी कळवायचं. पालापाचोळा, उसाचं चिपाड, थोडी माती यांतून भरघोस पीक घेता येतं, आणि पान हीच खरी गिरणी आहे, तिला पुरेसा सूर्य मिळाला पाहिजे, हे त्यांचं सांगणं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर तेच आपल्या पद्धतीनं केलं. या दोघांच्या कामावरून प्रेरणा घेऊन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ साली बाग उभी केली. स्वयंपाकघरातलं रोजचं खरकटं आणि सालं तिथंच माती होऊ लागली. विकतच्या मातीशिवाय, भाजीच्याच टाकाऊ भागातून भाजी उगवण्याचं हे उदाहरण आजही नव्या लोकांना पहिलं सांगावं असं आहे.

गच्चीची माघातली अडचण वेगळी. स्लॅब रात्री चटकन गार होतो आणि मार्चमध्ये चटकन तापतो. डबे विटांवर उचलून ठेवले की दोन्हीचा त्रास कमी होतो. पालेभाजीला चार तास ऊन चालतं, फळभाजीला सहा तरी हवेत. पूर्वेच्या बाल्कनीत भेंडीचा हट्ट धरू नये, माठ आणि चवळई लावावी. मेथी-कोथिंबिरीचा हंगाम माघात संपत आलेला असतो, उकाडा वाढला की कोथिंबीर पान सोडून तुऱ्यावर जाते. फेब्रुवारीत शेवटची एक पाटी करायचीच असेल तर धणे आधी पाटाखाली रगडून दोन फाका कराव्यात. धण्याच्या एका गोळीत दोन बिया असतात, अख्ख्या गोळ्या टाकल्या तर उगवण रेंगाळते. मेथी तिसऱ्या दिवशी वर दिसते, धणे आठ-दहा दिवस घेतात, आणि त्या दहा दिवसांत किती पाट्या उकरून पाहिल्या जातात त्याला गणती नाही. माठाचं, राजगिऱ्याचं बी मोहरीपेक्षा लहान. ते बारीक वाळूत मिसळून फोकावं आणि वर नखाएवढीच माती चाळावी. जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, हा सर्वसाधारण नियम. खोल गेलेल्या बारीक बियाची शिदोरी वाटेतच संपते. पेरल्या संध्याकाळी मुंग्या माठाचं बी ओळीनं उचलून नेतात, तेव्हा वाफ्याभोवती राखेची रेघ हवी.

घरचं बी राखायला सुरुवात करायची असेल तर वाल, चवळी आणि गावरान टोमॅटो यांपासून करावी. यांची फुलं बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतात, त्यामुळे बी आईसारखं निघतं. भेंडीत मधमाश्यांमुळे थोडी सरमिसळ होते. काकडीची काकडीशी आणि दुधीची दुधीशी तर सर्रास होते. काकडीशेजारी कारलं लावलं तर काकडी कडू होते हा समज मात्र सोडून द्यावा. ती एकाच कुळातली असली तरी वेगळ्या प्रजातींची आहेत, त्यांचा संकर होत नाही, आणि काकडीतला कडवटपणा पाण्याच्या ओढीनं व उकाड्यानं वाढतो. दुधी मात्र कडू लागला तर फेकूनच द्यावा. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली आहेत, म्हणून चिरताना एक फोड जिभेला लावून पाहायची जुनी सवय मोडू नये, आणि अशा वेलाचं बी तर अजिबात धरू नये. संकरित वाणाचं बी राखून उपयोग नाही, पुढच्या पिढीत ते विखुरतं. याचा अर्थ संकरित वाईट असा नाही. ज्याला वर्षाला एकदाच लावायचं आणि रोगाची धास्ती आहे त्यानं ते जरूर घ्यावं. पण बियाण्याची देवाणघेवाण करताना आपण काही चोरटं करतो आहोत असं कुणाला वाटू नये, म्हणून सांगते: वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या ३९व्या कलमानं शेतकऱ्याला संरक्षित वाणाचंही बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, अगदी विकण्याचाही हक्क दिला आहे, फक्त त्या वाणाचं नाव छापून पाकीटबंद विकता येत नाही. मडक्यातलं बी शेजारणीला देणाऱ्या बाईच्या रिवाजाला एवढा स्पष्ट कायदेशीर आधार फार थोड्या देशांत आहे.

उगवणीनंतरचे आठ दिवस सगळ्यात नाजूक. दलपत्रं उघडलेली असतात, खरं पान अजून यायचं असतं, आणि रोप अजून शिदोरीवरच जगत असतं. या दिवसांत खत देऊ नये, त्याला ते नको असतं. त्याला ऊन हवं असतं. उजेड कमी पडला तर देठ लांबट, पांढुरका होतो आणि वाऱ्यानं लोळतो. पाणी झारीनं, सकाळी, मुळाशी. संध्याकाळी भिजलेली दाट रोपं रात्रभर ओली राहतात आणि सकाळी कमरेत बारीक होऊन आडवी पडलेली दिसतात. याला रोपं कोलमडणं म्हणतात. बुरशीचं हे काम एकदा सुरू झालं की पाटीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकत जातं. पडलेली रोपं मातीसकट काढावीत, उरलेल्यांचं पाणी तोडावं, आणि पुढच्या वेळी पेरण्याआधी बियाला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळावी. भेंडी, गवार, वेलवर्ग यांना शक्यतो जागेवरच टोकावं. त्यांचं मूळ सरळ खाली जातं आणि हलवलं तर रुसतं. वांगी, टोमॅटो, मिरची मात्र वाफ्यात वाढवून हलवायचीच झाडं आहेत.

पहिलं खरं पान पंजासारखं उघडलं की विरळणी. एका आळ्यात दुधीची तीन रोपं आली असली तर दोन काढावी लागतात, आणि नव्या माणसाला इथं हात उचलवत नाही. उपटू नयेत, राहणाऱ्याची मुळं दुखावतात. जमिनीलगत कात्रीनं कापावीत. माठाची विरळणी मुळासकट केली तरी चालते आणि ती सरळ कढईत जाते. लसूण, सुकी मिरची आणि ही दोन बोटं उंचीची रोपं, पाणी न घालता. जिथं बी आलंच नाही तिथं आठवड्याच्या आत नांगे भरावेत, त्यासाठी चार-सहा बिया कागदी पेल्यांत वेगळ्या लावून ठेवलेल्या बऱ्या. नंतर भरलेलं रोप शेजाऱ्यांच्या सावलीत मागेच राहतं. मग वाळलेल्या पाल्याचं बोटभर आच्छादन, देठाला न चिकटवता, आणि वेलांच्या बाजूला तुरीच्या काटक्या. काकडीचा पहिला तणावा काटकीला लागला की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याचे दोन वेढे झालेले असतात.